धूळपेरणीत बियाण्याला लावलेलं रायझोबियम पाऊस येईपर्यंत जगतं का?

तिफणकरी

मंडळी, विषय बारीक आहे, पण आम्हा कोरडवाहूवाल्यांच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची धूळपेरणी जुनीच. आता सोयाबीन आणि तूरही काही जण कोरड्यातच टाकायला लागलेत. कारण समजण्यासारखं आहे. पाऊस पडला की अख्ख्या गावाला एकाच वेळी पेरायचं असतं, ट्रॅक्टरची पाळी लागत नाही, मजूर मिळत नाहीत आणि वापसा (पेरणीजोगी ओल) बघता बघता निघून जातो. म्हणून बी आधीच मातीत पडलेलं बरं, असा हिशेब.

माझा प्रश्न बियाण्याचा नाही, बियाण्याला लावलेल्या जिवाणू संवर्धकाचा आहे, म्हणजे शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र आणणाऱ्या रायझोबियमचा. बीजप्रक्रिया केलेलं बी कोरड्या, तापलेल्या मातीत आठवडा-पंधरवडा पडून राहिलं तर त्यावरचं रायझोबियम जिवंत राहतं का? आमचा दुकानदार म्हणतो, "काही होत नाही, ते झोपून राहतात, पाणी लागलं की उठतात."

गेल्या खरिपात मला जे दिसलं ते सांगतो. दोन वावरं, एकाच बांधाच्या अलीकडची-पलीकडची. माती सारखी, वाण जेएस ३३५, संवर्धकाची पाकिटं एकाच खोक्यातली. एक वापशावर पेरलं, दुसरं कोरड्यात. फुलोऱ्याच्या आधी दोन्हीकडची झाडं कुदळीनं मातीच्या ढेकळासकट काढली आणि बादलीत भिजवून मुळं मोकळी केली. वापशावरच्या झाडाला सोटमुळाच्या अगदी वरच्या भागात, जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन बोटांवर, गाठींचा घोस होता. कोरड्यातल्या झाडाचं सोटमूळ त्या जागी साफ. गाठी होत्या त्या लांब, बाजूच्या मुळांवर, एक इथं एक तिथं. पानंही फिकी.

हा फरक पेरणीमुळं की आणखी कशामुळं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

काळी_कसदार

भाऊ, आमच्याकडे (लातूर) सोयाबीन कोरड्यात टाकायला कुणी धजत नाही. दहा-पंधरा मिलिमीटरचा पाऊस आला की दाणा फुगतो आणि पुढं उघडीप पडली की कुजतो. दुबार पेरणी ठरलेली. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतात ते उगाच नाही. जिवाणूंचं नंतर, आधी बी वाचायला हवं.

मृदगंध

तिफणकरी, गाठी आहेत की नाहीत एवढंच न बघता त्या *कुठे* आहेत हे तुम्ही पाहिलंत, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. मी मृदासूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

सोटमुळाच्या वरच्या भागातला घोस हा बहुतेक वेळा बियाण्यावर लावलेल्या जिवाणूंचा असतो. बी रुजताना पहिलं मूळ त्यांच्यातूनच बाहेर पडतं, म्हणून गाठी तिथंच धरतात. बाजूच्या मुळांवर लांब विखुरलेल्या गाठी या जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या. म्हणजे तुमच्या कोरड्यातल्या वावरात पाकिटातले जिवाणू बहुधा मुळापर्यंत जिवंत पोचलेच नाहीत. जे काही काम झालं ते जमिनीतल्या जुन्या मंडळींनी केलं.

आता "झोपून राहतात" याबद्दल. बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणू तयार करतात. जाड कवचाचा हा बीजाणू कोरड्यात खरंच वर्षानुवर्षं टिकतो. पण गाठी धरणारे रायझोबियम, ब्रॅडीरायझोबियम, मेसोरायझोबियम यांपैकी कुणीही बीजाणू तयार करत नाही. ही नुसती उघडी पेशी असते. तिच्याभोवतीचं पाणी उडालं की आवरणाची रचना बिघडते, आतली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. एवढ्यातून एखादी वाचली तरी दुसरा धोका पाणी *परत* मिळताना असतो. वाळलेल्या पेशीवर एकदम पाणी पडलं की दुखावलेलं आवरण फाटतं आणि आतला ऐवज बाहेर गळतो. थोडक्यात, पाणी लागल्यावर काही उठतात हे खरं, पण बरेच त्याच क्षणी मरतात.

बियाण्यावर हे मरण दोन टप्प्यांत होतं. लेप वाळत असताना, म्हणजे पहिल्या काही तासांत, संख्या धाडकन कोसळते. जे उरतात ते त्यानंतर हळूहळू, दिवसांच्या हिशेबानं कमी होत जातात. त्यामुळं सगळ्यात महागात पडतात ते पहिले तास. शिवाय बियाण्याच्या सालीतून काही फिनॉलसारखी द्रव्यं पाझरतात, तीही जिवाणूंना सोसत नाहीत.

जरा आकडे मांडू. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये जैविक खतं २००६ साली आली. त्यातल्या निकषाप्रमाणे पावडरच्या रायझोबियममध्ये ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. २५० ग्रॅमचं पाकीट म्हणजे १,२५० कोटी. ते आपण १० किलो सोयाबीनला लावतो. शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरलं तर १० किलोत ८० हजार दाणे. भागाकार केला तर दाण्यामागे साधारण दीड लाख पेशी.

सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला पेरताना किमान १ लाख जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक ऑस्ट्रेलिया आणि कॅनडासारख्या देशांत आहे. म्हणजे पाकीट अगदी निकषाला धरून असलं तरी आपल्या हातात शिल्लक फार थोडी. त्यातले दहापैकी नऊ मेले तर १५ हजार उरले. शंभरातले नव्व्याण्णव मेले तर दीड हजार. कोरड्या मातीत बी काही दिवस पडलं तर नव्व्याण्णव टक्के मरणं ही मुळीच टोकाची गोष्ट नाही.

तिफणकरी

ताई, हा दाण्यामागचा हिशेब कुणी कधी सांगितलाच नव्हता. १० किलो बियाण्याचं पाकीट आमच्याकडे सर्रास ३० किलोच्या बॅगेला पुरवतात. म्हणजे दाण्यामागे पन्नास हजारांवरच सुरुवात!

मृदगंध

अगदी बरोबर. आणि तेही पाकीट निकषाचं असलं तर. दुकानात पत्र्याखाली ४०-४२ अंशांत पडलेलं असेल तर सुरुवातच आणखी खालून.

काळी_कसदार

मृदगंध ताई, एक शंका. आमची काळी जमीन मार्च ते जून अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जातो. वरची माती पोळते. तरी पुढच्या खरिपात पाकीट न लावलेल्या सोयाबीनला गाठी येतातच. मग हे जमिनीतले जिवाणू तीन महिने कोरड्यात कसे जगतात? ते जगतात तर बियाण्यावरचे का जगू नयेत? दुकानदाराचं म्हणणं इतकं खोटं वाटत नाही मला.

मृदगंध

या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या काळ्या मातीत आहे. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९५०-६० च्या सुमारास एक अडचण आली होती. रेताड जमिनीत क्लोव्हर नावाचं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक पहिल्या वर्षी छान यायचं, दुसऱ्या वर्षी पिवळं पडून मरायचं. मधल्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात जमिनीतले जिवाणू नाहीसे व्हायचे. के. सी. मार्शल यांनी यावर काम करून १९६४ साली दाखवलं की त्याच रेताड मातीत माँटमोरिलोनाइट किंवा इलाइट ही चिकणमातीची खनिजं मिसळली तर जिवाणू कोरड्या उष्णतेत पुष्कळ जास्त टिकतात. केओलिनाइट मिसळून तसा फायदा मिळत नाही. पुढे १९७७ मध्ये बुशबी आणि मार्शल यांनी आणखी एक गोष्ट मांडली. झपाट्यानं वाढणारे रायझोबियम वाळण्याला जास्त बळी पडतात, संथ वाढणारे (आजचे ब्रॅडीरायझोबियम) त्यामानानं चिवट असतात. माँटमोरिलोनाइटचं संरक्षणही त्या झपाट्यानं वाढणाऱ्यांनाच विशेष मिळतं.

आता दख्खनच्या काळ्या मातीत काय असतं? ती फुगते, आक्रसते, भेगाळते ती याच माँटमोरिलोनाइट गटाच्या चिकणमातीमुळं. तिचे अतिसूक्ष्म पापुद्रे पेशीला चिकटून बसतात, तिच्याभोवती वेष्टण तयार करतात. तुम्ही ज्या भेगांना कंटाळता, त्याच मातीनं तुमचे जिवाणू उन्हाळाभर सांभाळलेले असतात.

शिवाय जमिनीतले जिवाणू आठवड्यांच्या अवधीत *हळूहळू* वाळतात. त्या काळात पेशी स्वतःमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर साठवते. ती पाण्याच्या जागी बसून आवरण सावरून धरते. बाहेर चिकट शर्करेचं आवरणही चढवते. पाकिटातली पेशी मात्र ओलसर भुकटीत किंवा द्रवात सुखानं वाढलेली असते, आणि आपण तिला बियाण्यावर लावून तासाभरात उन्हात वाळवतो. तयारीला तिला वेळच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. कोरडी उष्णता जिवाणूंना दमट उष्णतेपेक्षा जास्त सोसते. एकदा नीट वाळलेल्या मातीत, खोलवर, ते आश्चर्य वाटावं इतके टिकतात. डेन्मार्कच्या जेन्सेन यांनी १९६१ साली मेथीघास गटातल्या जिवाणूंबद्दल लिहिलं, की परीक्षानळीतल्या कोरड्या मातीत काही दशकांनंतरही त्यांतले काही जिवंत सापडले. म्हणून "कोरड्यात जिवाणू मरतात" हे सरसकट विधान चुकीचंच. कोण, कशावर आणि किती वेगानं वाळला, यावर सगळं आहे. बियाण्याच्या गुळगुळीत सालीवर उघडा पडलेला, घाईनं वाळलेला जिवाणू हा त्यातला सगळ्यात वाईट प्रसंग.

आणि "काही सापडले" हेही लक्षात घ्या. जमिनीतही उन्हाळ्यात संख्या घटतेच. पण तिथं मुळात ती मोठी असते आणि मातीच्या सगळ्या थरांत पसरलेली असते. दाण्यावर मात्र दीड लाखांवरच खेळ.

लाल_माती

मग आमच्या कोकणाचं काय? जांभ्या दगडाची लाल माती, तीही आम्लधर्मी. भातानंतर वाल, कुळीथ, चवळी आम्ही उरलेल्या ओलीवरच घेतो.

मृदगंध

जांभ्या मातीत केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं मुख्य. म्हणजे वर म्हटलेलं काळ्या मातीचं कवच तिथं मिळण्याची अपेक्षा धरू नये. पण तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. चवळी, कुळीथ, मूग, उडीद, तूर, भुईमूग ही सगळी चवळी गटातल्या संथ वाढणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमची पिकं. हे जिवाणू उष्ण प्रदेशातल्या जमिनींत बहुतेक सगळीकडे असतात आणि त्यातल्या त्यात चिवटही. त्यामुळं या पिकांना गाठीच आल्या नाहीत असं क्वचित घडतं. वालासाठीही वेगळं काही शोधायला नको. संवर्धक लावायचं तर भात कापल्या कापल्या, ओल आहे तोवर.

पर्थवासी

मार्शल यांचं नाव वाचून राहवलं नाही. मी पर्थमध्ये असतो, कामानिमित्त इथल्या गव्हाच्या पट्ट्यात सतत जाणं होतं. धूळपेरणी हा इथला नेहमीचा प्रकार आहे. शेतं हजारो हेक्टरांची, हिवाळी पावसाला मे महिन्यात कधीतरी सुरुवात. सगळं पेरून व्हायचं तर एप्रिलमध्ये कोरड्यातच सुरुवात करावी लागते. त्यामुळं तिफणकरींचा प्रश्न इथं रोज विचारला जातो.

इथला व्यवहार असा. ल्युपिन नावाचं शेंगवर्गीय पीक कोरड्यात टाकतात, कारण ज्या शेतात ते पूर्वी झालेलं आहे तिथं त्याचे जिवाणू त्या आम्लधर्मी रेताड जमिनीत घट्ट टिकून असतात. बियाण्यावरचे गेले तरी फारसं बिघडत नाही. पण ज्या शेतात ते पीक पूर्वी कधीच नव्हतं, तिथं संवर्धक लावलेलं बी कोरड्यात टाकू नका, असाच सल्ला मिळतो. हरभऱ्याबाबत तर विशेष, कारण इथल्या जमिनीत त्याचा जिवाणू मुळात नव्हताच. सगळा ऑस्ट्रेलिया गेली अनेक वर्षं सीसी ११९२ या जिवाणूच्या एकाच वाणावर हरभरा पिकवतो.

पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या भुकटीत) वाढवलेलं संवर्धक लावलं की ते बी २४ तासांत ओल्या मातीत जायला हवं, गोठवून वाळवलेलं असेल तर ५ तासांत, हा इथला नियम. कोरड्यात पेरायचंच असेल तर बियाण्याला लेप देण्याऐवजी दाणेदार संवर्धक बियाण्याच्या ओळीतच खताच्या पेटीतून सोडतात. जिवाणू मातीच्या किंवा पीटच्या गोळीच्या आत असतो, त्यामुळं वाळण्याचा वेग कमी होतो. बुरशीनाशकाचाही थेट संपर्क टळतो. महाग पडतं, पण कोरड्यात तेच जास्त भरवशाचं.

इथं सगळ्यात जास्त भीती असते ती फसव्या पावसाची. थोडा पडतो, माती वरवर ओली होते, आणि मग तीन आठवडे काही नाही. पेशी एकदा जाग्या होऊन पुन्हा वाळतात. दुसरं वाळणं त्यांना पेलत नाही.

काळी_कसदार

म्हणजे आपल्याकडचा मृगाचा पाऊस पडून आर्द्रा कोरडी गेली तर होतं तेच.

कोरडवाहू_सोलापूर

चर्चा खरिपावर चाललीय, पण आमच्याकडे हाच प्रश्न रब्बीत येतो आणि कोरड्यात न पेरताही येतो.

जिरायत हरभरा आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून १० ऑक्टोबरपर्यंत टाकतो. ओल खाली असते, वरची चार बोटं माती सुकलेली. म्हणून बी खोल, ७ ते १० सें.मी. टाकतो. बी ओलीत पडतं, उगवतं, पण पुढं पाऊस नाही. वरचा थर दिवसागणिक वाळत खाली सरकतो. दोन आठवड्यांत ज्या थरात बी पडलं तोही कोरडा. सोटमूळ ओलीच्या मागं खाली जातं, संवर्धकातले जिवाणू वर अडकतात. ते स्वतः चालत तर जाणार नाहीत, पाणी वाहत असेल तरच मुळाबरोबर खाली पोचणार. आमच्या हरभऱ्यात वरचं मूळ बोडकं आणि वीतभर खाली चांगल्या गाठी, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. त्या खालच्या गाठी जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या असणार.

हरभऱ्याची गाठ बघायला शिका मात्र. सोयाबीनची गोल, मोत्यासारखी. हरभऱ्याची बोटं फुटलेली, पोवळ्याच्या फांदीसारखी. झाड उपटलं की ती मातीतच तुटून राहते आणि माणूस म्हणतो गाठीच नाहीत. खोल खणून, ढेकूळ पाण्यात भिजवूनच बघायचं.

मृदगंध

कोरडवाहू, तुमचं निरीक्षण अचूक आहे, त्यात थोडी भर घालते. जिवाणू वाचले तरी कोरड्या मातीत *गाठ धरत* नाही. जिवाणू मुळात शिरतो तो कोवळ्या मूळरोमातून. माती वाळली की मूळरोम आखूड, जाडसर होतात आणि ही वाट बंद पडते. पाणी मिळालं, नवे मूळरोम फुटले की पुन्हा सुरू होते. म्हणून उशिरा एखादा पाऊस झाला तर नव्या मुळांवर नव्या गाठी दिसतात. ज्यांच्याकडे एखादं संरक्षित पाणी देण्याची सोय आहे त्यांना याचा दुहेरी फायदा होतो.

हरभऱ्याचं मेसोरायझोबियम वाळण्याला सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमपेक्षा नाजूक. म्हणून हरभऱ्यात सावली आणि घाई दोन्ही जास्त पाळा.

बियाणंवाला

माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळं दुकानदाराच्या बाजूनंही बोलतो. पाकीट आमच्याकडे येतं तेव्हा टेम्पोत किती तास उन्हात होतं ते आम्हालाही माहीत नसतं. पण ग्राहकानं तीन गोष्टी मागून घ्याव्यात. अंतिम तारीख, पिकाचं नाव, आणि ठेवलेली जागा. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, हरभऱ्याचं तुरीला चालत नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. पाकीट हातात दाबून बघा. आपल्याकडे वाहक म्हणून लिग्नाइटची काळी भुकटी असते आणि निकषानं तिच्यात ३० ते ४० टक्के ओल हवी. हाताला सुकी धूळ लागत असेल तर ते घेऊ नका. माझ्याकडे एका कंपनीचा माल असाच कोरडा ठणठणीत आला होता, मी परत पाठवला. कृषी विद्यापीठांच्या केंद्रांत ताजं संवर्धक मिळतं, जवळ असेल तर तिथूनच घ्या, माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

आणि एक. शेतकरी संवर्धक लावतो, बी चिकटतं, पेरणी यंत्राच्या पेटीतून नीट पडत नाही, म्हणून ताडपत्रीवर उन्हात पसरतो. सगळं तिथंच संपतं.

काळी_कसदार

बरोबर बोललात. तिफणीवर पेरतानाही ओटीतलं बी दुपारभर उन्हात. चाड्यावर मूठ धरणारी बाई आणि बियाणं दोन्ही तापतात. सकाळी लावायचं तेवढंच लावावं जेवढं दुपारच्या आत संपेल.

तिफणकरी

बुरशीनाशकाचं कसं? यंदा मी कार्बोक्झिन-थायरमचं मिश्रण आणि खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम लावणार आहे. त्यावर रायझोबियम टिकेल का? आणि सोयाबीनची साल पाण्यानं सुरकुतते, तेव्हा गुळाचं पाणी किती घालायचं?

मृदगंध

क्रम पाळायचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. रासायनिक प्रक्रिया शक्य तर काही दिवस आधी करून बी सावलीत वाळवून ठेवा. संवर्धक मात्र पेरणीच्या दिवशीच, पेरणीच्या तोंडावर. रसायन आणि जिवाणू एकाच बादलीत कधीही कालवू नका. थायरमसारखी बुरशीनाशकं जिवाणूंना बाधतात, आणि कोरड्या मातीत जास्त बाधतात, कारण त्यांना पातळ करून वाहून न्यायला पाणीच नसतं. म्हणजे धूळपेरणीत एकाच दाण्यावर दोन संकटं. रासायनिक प्रक्रिया केलेलंच बी कोरड्यात पेरणार असाल तर जिवाणू त्या दाण्यावर न लावणंच शहाणपणाचं.

गुळाचं पाणी एका लिटरला १२५ ग्रॅमच्या आसपास. उकळून पूर्ण थंड केलेलं. लिटर केलंत म्हणून सगळं ओतायचं नाही. सोयाबीनला दाणा जेमतेम ओलसर होऊन भुकटी धरेल एवढंच शिंपडा, हातानं अलगद खालीवर करा, चोळू नका. गूळ चिकटण्यापुरता नाही. विन्सेंट आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवलं होतं की माल्टोजसारख्या साखरा वाळताना जिवाणूंना काही अंशी सांभाळतात. डिंकाचं पाणी गुळापेक्षा सरस ठरतं, कारण ते हळू वाळतं. बाभळीचा स्वच्छ डिंक मिळत असेल तर वापरून बघा. पण यानं मरण काही तास पुढं ढकललं जातं. पंधरा दिवसांची कोरड डिंकही भागवत नाही.

तिफणकरी

म्हणजे कोरड्यात पेरणाऱ्यानं काय करावं? तूर आणि कपाशीतली आंतरपिकं तर कोरड्यात जाणारच, तुम्ही कितीही सांगितलंत तरी लोक थांबणार नाहीत.

मृदगंध

माझं मत स्पष्ट सांगते. सोयाबीन कोरड्यात नकोच, बियाण्यासाठीही नको आणि जिवाणूंसाठीही नको.

तूर, मूग, उडीद जाणारच असतील तर बियाण्यावरच्या लेपावर भरवसा ठेवू नका. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात संवर्धक मिसळून सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवा, आणि *पाऊस झाल्यावर*, पहिल्या डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी ओळीलगत मातीआड करा. किंवा रोपं उभी राहिली की द्रवरूप संवर्धक पाण्यात मिसळून संध्याकाळी मुळाशी आळवणी करा, माती ओली असताना. उशिरा पोचलेले जिवाणू सोटमुळाच्या माथ्यावर घोस करणार नाहीत, पण बाजूच्या मुळांवर गाठी धरतात. ओलीतला उशिरा आलेला जिवाणू कोरड्यात वेळेवर आलेल्यापेक्षा केव्हाही चांगला.

आणि हे सगळं करायचं की नाही हे आधी जमिनीला विचारा. ज्या वावरात सोयाबीन दर एक-दोन वर्षांनी होतं आणि खणल्यावर गाठी भरपूर, कापल्यावर आतून गुलाबी-लाल दिसतात, तिथं पाकिटाचा फरक थोडाच दिसेल. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठ कामाला लागलेली आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे नुसती गाठ. पण सोयाबीन आपल्याकडचं मूळ पीक नाही, त्याचा खास जिवाणू बहुतेक जमिनींत नव्हता किंवा नगण्य होता. पहिल्यांदाच सोयाबीन घेणारं वावर असेल तर तिथं संवर्धक आणि वापसा दोन्ही सोडू नका. त्या एका हंगामात जे जिवाणू जमिनीत रुजतात त्यांच्यावर पुढची बरीच वर्षं चालतात.

बियाणंवाला

ताई, पण पिवळं दिसलं की लोक दुसऱ्या दिवशी युरियाची गोणी न्यायला येतात. त्यांना काय सांगू?

मृदगंध

आधी खणून बघायला सांगा. जमिनीत नत्र भरपूर मिळालं की झाड गाठींवर खर्च करत नाही, असलेल्या गाठीही मंदावतात. शिफारशीतला पेरणीच्या वेळचा नत्राचा डोस वेगळा, तो द्यावाच. पण नंतर वरून युरिया फेकणं म्हणजे उरलेल्या जिवाणूंचंही काम थांबवणं. गाठी अजिबातच नसतील, किंवा आहेत त्या आतून पांढऱ्या असतील, तर मात्र पिकाला उपाशी ठेवून तत्त्व पाळण्यात अर्थ नाही. तिथं युरिया द्या.

हिशेबही दाखवा त्यांना. सोयाबीनच्या एक क्विंटल दाण्यात जवळपास ६ किलो नत्र असतं. एकरी ८ क्विंटल म्हणजे ४८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलो. म्हणजे नुसत्या दाण्यातून सव्वादोन गोण्या युरियाएवढं नत्र वावराबाहेर जातं. त्यातला मोठा वाटा गाठींनी हवेतून आणलेला असतो, उरलेला जमिनीच्या साठ्यातून. गाठी कमी पडल्या की तो साठा तेवढा जास्त उपसला जातो, आणि मागून येणाऱ्या गव्हा-ज्वारीला ते कळतं.

तिफणकरी

ठरलं मग. सोयाबीन वापशावरच, मग पाळी मिळायला दोन दिवस उशीर झाला तरी. तूर कोरड्यात जाईल, पण बियाण्याला फक्त बुरशीनाशक. रायझोबियम शेणखतातून डवरणीला. आणि तुरीच्या चार ओळी मुद्दाम काहीच न घालता सोडतो, म्हणजे जमिनीतले जिवाणू आपल्या जिवावर काय करतात ते दिसेल. कोरडवाहू, खणायचं साधारण कितव्या आठवड्यात?

कोरडवाहू_सोलापूर

सोयाबीनला पाचवा-सहावा आठवडा, फुलं लागायच्या सुमारास. तुरीला थोडं नंतरही चालेल, ती सुरुवातीला सुस्त असते. माती ओली असताना खणा, आणि एकाच कोपऱ्यातली झाडं घेऊ नका. बांधाकडची, मधली, सखल भागातली अशी वेगवेगळी घ्या. पाणी साचणाऱ्या जागेतल्या झाडावरून निष्कर्ष काढू नका, तिथं मुळाला हवाच मिळत नाही आणि गाठी वेगळ्याच कारणानं कमी असतात.

पर्थवासी

फोटो टाका इथं, चारही ओळींचे. त्यात मुळाशेजारी पट्टी ठेवा, म्हणजे गाठी किती खोलीवर आहेत ते सगळ्यांना वाचता येईल.